तुम्ही विचारलंत म्हणून: विमान आपटतं तेव्हा मागे बसणारीला लागतं का?

कुठल्याही लग्नात मी केबिन क्रूमध्ये होते हे कळलं, की शेजारची खुर्ची जवळ सरकते. "विमान धाडकन आपटलं म्हणजे पायलट नवखा असणार ना?" विचारणारी बाई असेल तर पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "आणि तुम्हा मुलींना मागे बसून लागत नाही का हो?"

पहिल्याचं उत्तर थोडक्यात: नवखाच असेल असं नाही. धावपट्टी ओली असेल तर चाकं ठामपणे टेकवावी लागतात, तरच टायरखालचं पाणी बाजूला होऊन ब्रेक लागतात. विमान तरंगत राहिलं तर खालची धावपट्टी सरत जाते. ७ ऑगस्ट २०२० ला केरळात कोळिकोडला भर पावसात विमान जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे टाकून टेकलं आणि टोकावरून खाली गेलं. २१ माणसं गेली. त्याची कारणं बरीच होती, पण तेव्हापासून अलगद लँडिंगचं कौतुक ऐकलं की मी गप्प बसते.

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे, आणि त्याचं उत्तर आहे: हो, लागतं.

उतरताना विमान साधारण मिनिटाला ७०० फूट या वेगाने खाली येत असतं. शेवटच्या तीसेक फुटांत पायलट नाक उचलतो आणि हा वेग शंभर-दोनशेवर येतो. तो अंदाज जरा चुकला, वाऱ्याने ऐन वेळी दगा दिला, की दणका. विमानाची चाकं नि सांगाडा मिनिटाला ६०० फुटांपर्यंतचा आघात सोसतील असे बनवलेले असतात, म्हणजे सेकंदाला १० फूट. दीड फुटी स्टुलावरून उडी मारली तर जमिनीला टेकताना एवढाच वेग असतो. उडी मारताना आपण गुडघे वाकवतो, म्हणून काही होत नाही. जंपसीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्चीवर, आम्ही ताठ बसलेल्या असतो. वाकायला काही नसतं, सगळं माकडहाडातून वर चढतं.

विमानाची सहनशक्ती आणि मणक्याची सहनशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मला खरं तर सांगायचंय. १ जुलै २०२२ ला कॅलिफोर्नियात सांता आनाला साउथवेस्ट कंपनीचं बोइंग ७३७ विमान उतरलं. तिथली धावपट्टी ५,७०० फुटांची, मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या निम्मी. म्हणून पायलट फारसं न तरंगता ठरल्या जागी टेकायच्या प्रयत्नात होते. दणका एवढा बसला, की मागच्या जंपसीटवरच्या अटेंडंटला विमान कोसळलंच असं वाटलं. तिच्या पाठीच्या वरच्या भागातला मणका मोडला होता. विमानात आणखी १४१ जण होते. त्यांतल्या कुणालाही इजा झाली नाही.

म्हणजे खुर्ची, जागा, बसण्याची पद्धत, सगळ्यालाच महत्त्व आहे. जंपसीट म्हणजे भिंतीला लावलेली घडीची फळी, वर पातळ गादी. म्हणून तर आमचा पट्टा खांद्यांवरूनही येतो. पाठ आणि डोकं मागे टेकलेलं, पाय जमिनीवर सपाट, हात मांड्यांखाली किंवा मांडीवर. त्याच वेळी मनातल्या मनात उजळणी चालू: दार कसं उघडायचं, काय ओरडायचं, मदतीला कोण. तुम्हाला आम्ही शून्यात बघत बसलोय असं वाटतं ते हेच. पायलटला समोर जमीन येताना दिसते. मागे गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, बसलेलीला बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, त्यामुळे शरीर आधीच आवळून घेता येत नाही.

त्यात कुणी शेवटच्या क्षणी बाथरूमला उठतं, कुणी रिकामा ग्लास पुढे करतं. उठलेल्याला बसवून जंपसीटवर घाईने टेकलं आणि पट्टा नीट आवळायचा राहिला, तर साध्या लँडिंगलाही पाठ दुखून येते. (ग्लास आम्ही आधी गोळा करायला येतो, तेव्हाच द्या हो.)

जोरात लँडिंग झालं की विमानाची तपासणी होते. रेकॉर्डरवरचा आघाताचा आकडा बघतात, इंजिनिअर चाकांखाली टॉर्च घेऊन शिरतात. क्रूची विचारपूस मात्र तिने स्वतः तोंड उघडलं तरच. बहुतेक जणी उघडत नाहीत. पुढची फ्लाइट जाईल, रोस्टरवरून (ड्युटीच्या वेळापत्रकातून) नाव निघेल, भत्ता बुडेल, म्हणून घरी जाऊन बाम चोळतात. दबलेला मणका सुरुवातीला नुसता आखडल्यासारखाही वाटू शकतो. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुली भेटल्या की त्यांना मी सांगते, विमानातून उतरायच्या आधी कॅप्टनला सांग, लेखी दे आणि त्याच दिवशी एक्स-रे काढ.