ट्रेस लावला की बग गायब

"ताई, ट्रेस लावला की बग येतच नाही हो!" टीममधला नवीन मुलगा आज दुपारी वैतागून म्हणाला. (ट्रेस म्हणजे प्रोग्रॅम चालताना कोणतं फंक्शन कधी सुरू झालं, कधी संपलं याची नोंद.) ते वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये.

दोन थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) एकाच लिंक्ड लिस्टला, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोडच्या साखळीला, हात घालत होते आणि प्रोग्रॅम अधूनमधून कोसळत होता. म्हणून त्याने जीसीसी या कंपायलरचा इन्स्ट्रुमेंट-फंक्शन्स फ्लॅग (पर्याय) लावून बिल्ड केलं. मग कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला आणि शेवटी आपल्या हुकला, म्हणजे आपणच लिहिलेल्या नोंद ठेवणाऱ्या फंक्शनला, कॉल टाकतो. हुकच्या हाती दोन पत्ते येतात: फंक्शनचा, आणि त्याला जिथून बोलावलं त्या जागेचा. (हुकला स्वतःला यातून वगळावं लागतं, नाहीतर तो स्वतःलाच बोलावत बसतो आणि स्टॅक संपतो.)

त्याच्या हुकमध्ये एक साधा एफप्रिंटएफ (फाइलमध्ये मजकूर लिहिणारं सी भाषेतलं फंक्शन) होता. तो लिहिताना त्या फाइल-स्ट्रीमवर लॉक घेतो, एका वेळी एकच थ्रेड लिहू शकतो! म्हणजे प्रत्येक नोंदीपाशी दोन्ही थ्रेड एकमेकांसाठी थांबत होते. ज्या घाईत बग होता, ती घाईच संपली.

मग प्रत्येक थ्रेडला वेगळा बफर (नोंदी साठवायची जागा) दिला, तोही मेमरी-मॅप केलेल्या फाइलवर (जिच्यात मेमरीसारखं थेट लिहिता येतं), म्हणजे प्रोग्रॅम पडला तरी नोंदी टिकतात. संध्याकाळी सापडलं. एक थ्रेड शोधाच्या फंक्शनमध्ये शिरलेला, अजून बाहेर आलेला नाही, आणि दुसऱ्याने तोच नोड फ्री केलेला, म्हणजे त्याची मेमरी परत देऊन टाकलेली.

नोंद ठेवण्यानेच वागणं बदलत असेल, तर स्वच्छ ट्रेस पाहून "इथे बग नाही" असं म्हणायची मला तरी भीती वाटते. मल्टीथ्रेडेड कोडमध्ये तुम्ही ट्रेसवर कितपत विसंबता?