तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी कोण घालतं?

“तुम्ही गावी गेलात की गच्चीवरच्या भाज्यांना पाणी कोण घालतं?” या प्रश्नाला मी अनेक वर्षे “कुणीच नाही” असे रुबाबात उत्तर देत आलो आणि ऐकणाऱ्याचे आश्चर्य मला आवडतही असे.

कारण माझा वाफा तळात साठवलेले पाणी स्वतःच वर ओढतो. तो तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे: लांबीत चिरलेले 200 लिटरचे निळे पिंप, तळाशी पाणी साठण्यासाठी भोके पाडलेल्या बाटल्या, त्यांवर जुने कापड, वर खत-माती आणि तळात पाणी भरण्यासाठी कोपऱ्यात उभी नळी. दोन ठिकाणी माती थेट पाण्यात उतरवलेली असते आणि तीच दिव्याच्या वातीप्रमाणे पाणी वर खेचते. “विकतची कुंडी का नाही घेतली?” असे विचारणाऱ्यांना मी भंगारवाल्याचा भाव ऐकवतो, पहिल्या वाफ्यातले सुती लुगडे वर्षाच्या आत कुजले आणि माती बाटल्यांमध्ये जाऊन बसली, हे मात्र सांगत नाही.

पिंपाच्या कडेला, तळापासून चार बोटांवर, एक भोक असते. पाणी त्या पातळीच्या वर चढू लागले की तिथून वाहून जाते आणि मुळांना हवा मिळते. एका जूनमध्ये खालच्या मजल्यावरच्या आजींनी छताला ओल आल्याचे सांगितले. ती ओल गच्चीच्या जुन्या भेगेतून येत होती, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते. परंतु वाद नको म्हणून मी त्या भोकात रबरी बूच ठोकले आणि आठ दिवसांसाठी कोकणात गेलो. पुण्यात चार दिवस पाऊस कोसळला आणि मग कडक ऊन पडले. चारही वांग्यांनी माना टाकल्या, तेव्हा घरी असलेल्या अण्णांनी ती तहानली आहेत असे समजून दोन्ही वेळा तांब्याने पाणी घातले. मी परतल्यावर एक झाड उपटले, तर मुळे तपकिरी, बुळबुळीत झाली होती आणि नासक्या अंड्याचा वास येत होता. हवा न मिळालेली मुळे पाण्यात उभी राहूनही पाणी ओढू शकत नाहीत, हे मला ठाऊक होते. अण्णांना ते ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. तरीही मी त्यांच्यावर ओरडलो. बूच माझेच होते, हे त्यांना सांगायला मला दोन दिवस लागले.

पूर्वीचा मी म्हणेल की चूक माणसाची होती, वाफ्याची नव्हे. एप्रिलच्या उन्हातही तळातल्या पंधरा लिटर पाण्यावर पालक चार दिवस टवटवीत राहतो, आणि ते खरेच आहे. मग पावसाळाभर एक दिवसाआड त्या भोकात तार घालून मुळांचे तंतू कोण काढतो, असे मी त्याला विचारतो. भोकाला आता नळी जोडून ती पन्हाळीत सोडली आहे. आजींच्या छताची ओल तशीच आहे. अण्णा रोज सकाळी तांब्या घेऊन वर जातात. पाणी कोण घालतं, याबाबत आमचे दोघांचे अजून एकमत झालेले नाही.