म्हणून?

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. चार मजले, सोळा घरं. ती बसवावी असा अर्ज सोसायटीला द्यायचं ठरलं आणि माझं अक्षर बरं, म्हणून तो लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. (अर्ज टाईप होणार होता, ही गोष्ट वेगळी.)

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, ‘इमारतीला ३० वर्षे झाली आहेत, म्हणून लिफ्ट बसवावी.’ तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘‘म्हणून? ३० वर्षं झाली म्हणून रंग द्या, गच्ची दुरुस्त करा. लिफ्ट कुठून आली?’’

खरंच, कुठून आली? मधला एक जिनाच मी गाळला होता. इमारतीबरोबर आम्हीही म्हातारे झालो, चौथ्या मजल्यावरच्या आजी दिवाळीपासून खाली उतरलेल्या नाहीत, हे लिहायचं सोडून मी नुसत्या ‘म्हणून’वर भागवलं होतं. उभयान्वयी अव्यय दोन वाक्यं जोडतं, एवढंच शाळेत पाठ केलं. एकमेकांशी काही संबंध नसलेली वाक्यंही ते तितक्याच इमानाने जोडतं, हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

काकांचा जीव अशाच शब्दांत. सरकारी अधिसूचनेतलं ‘ज्याअर्थी... आणि ज्याअर्थी... त्याअर्थी’ ते आरतीच्या चालीत म्हणतात. दोन ‘ज्याअर्थी’ ऐकून झाले की ‘त्याअर्थी’ला आपली मान आपोआप डोलते. कायद्याच्या मराठीत ‘परंतु’चं तर चक्क नाम झालंय, परंतुक! कलमाने उजव्या हाताने दिलेलं परंतुक डाव्या हाताने काढून घेतं, असं काकांचं म्हणणं. आणि त्यांचा सगळ्यात लाडका ‘सबब’. मूळ अरबी, अर्थ कारण. मराठीत मात्र तो अर्जात ‘म्हणून’ होतो आणि घरात बहाणा.

मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘सोय होईल, पण खर्च येईल.’ काकांनी फिरवलं, ‘खर्च येईल, पण सोय होईल.’ शब्द तेच. ‘पण’च्या अलीकडचं माणूस ऐकतो आणि पलीकडचं घरी घेऊन जातो. ‘तळमजल्यावरच्यांना लिफ्टचा उपयोग नाही हे खरे, तरीही’ हे वाक्यही त्यांचंच. समोरच्याने म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकायचं. शेवटचं ‘शिवाय घरांच्या किमती वाढतील’ त्यांनी सरळ खोडलं. ‘‘इतका वेळ आजींबद्दल बोलत होतास. या ‘शिवाय’ने तुझा दलाल झाला.’’

सभेत अर्ज वाचला गेला. काल इतिवृत्त हातात आलं. ‘अर्जावर सविस्तर चर्चा झाली. सबब, विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले.’

मी कागद काकांपुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला, आणि म्हणाले, ‘‘भाषा शुद्ध आहे.’’