अँपशिवाय गिटार: माझा अनुभव, साऊंड चेकसकट

इलेक्ट्रिक गिटार अँप्लिफायरशिवाय थेट मिक्सरमध्ये देऊन वाजवता येते, हे समजून घ्यायला एक संध्याकाळ पुरते. साऊंडवाल्यांच्या गळी ते उतरवायला मात्र नाशिकच्या गणेशोत्सवातला माझा अख्खा एक कार्यक्रम खर्ची पडला. सिडकोतल्या तिसऱ्या मजल्यावरून अँपचा जड खोका उतरवायचा आणि रिक्षातून गंगापूर रोडपर्यंत मांडीवर धरून न्यायचा, या जाचातून सुटण्यासाठी मी मॉडेलिंग पेडल, म्हणजे अँपच्या आवाजाची नक्कल करणारे पायाजवळचे छोटे यंत्र, घेतले होते. ते निवडणे आणि त्यावर आवाज बसवणे यांत विशेष सांगण्यासारखे काही नाही. एवढेच लक्षात ठेवावे, की मिक्सरमध्ये जाताना पेडलमधले कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे अँपच्या स्पीकरची नक्कल, चालूच हवे. गिटार अँपचा स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झच्या वरचे फारसे काही ऐकवत नाही. तो वगळून डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटका केलेला आवाज) थेट मोठ्या स्पीकरवर सोडले, तर डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखा आवाज येतो.

गाडी अडली ती साऊंड चेकला. आम्हाला पाचची वेळ दिली होती. पाहुण्यांचे माईक आणि सत्काराची मांडामांड आटोपून आमचा नंबर लागला तो आरतीच्या तोंडावर. मिक्सरवरच्या गृहस्थांनी स्टेजवर नजर फिरवून विचारले, "सर, अँप कुठंय? माईक कशाला लावू?" मी म्हणालो, "दादा, अँप नाही, पेडलमधून थेट लाइन घ्या." त्यांनी नाराजीनेच एक साधी जॅकची केबल मंडपाच्या त्या टोकापासून ओढत आणली. ती पेडलला लावताक्षणी दोन्ही टॉपमधून (मंडपातल्या मोठ्या स्पीकरमधून) घूंऽऽ असे हमिंग सुरू झाले आणि निकालही लगेच लागला: "तुमची गिटार खराब आहे."

गिटार खराब नाही, हे दाखवणे सोपे असते. सिंगल कॉइल पिकअपचे (गिटारच्या तारांचे कंपन टिपणाऱ्या एकेरी वेटोळ्याचे) हमिंग आपण जागच्या जागी वळलो की कमीजास्त होते आणि गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेला की बहुतेक जाते. मी तर गिटारची केबलच पेडलमधून काढून दाखवली, तरी हमिंग होते तसेच राहिले. साथीच्या ट्रॅकसाठी लॅपटॉप यूएसबीने पेडलला जोडलेला होता. त्याचा तीन पिनांचा चार्जर स्टेजमागच्या बोर्डात होता आणि मिक्सर मंडपाच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डात. दोन्हीकडे अर्थिंग आणि मधल्या केबलच्या शील्डने (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या वेष्टनाने) ती दोन टोके पुन्हा एकमेकांना जोडलेली, असा जो फेरा तयार होतो त्याला ग्राउंड लूप म्हणतात; आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेची घरघर त्यातूनच मिक्सरमध्ये शिरते. मी चार्जर बोर्डातून काढला आणि हमिंग थांबले.

हे डोळ्यांदेखत घडल्यावर त्या गृहस्थांनी सुचवलेला उपाय असा, की चार्जरची अर्थिंगची पिन तोडून टाकावी! पावसाळा, मंडपात ओल, हाताखाली धातूच्या तारा आणि ओठ माईकला लागलेले, अशा अवस्थेत अर्थिंग काढून टाकणे हा सरळसरळ जिवाशी खेळ आहे. कार्यक्रम सोडून घरी यावे, पण पिन तोडू देऊ नये. खरा उपाय म्हणजे डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला नीट देण्यासाठी मध्ये लावायची छोटी डबी. त्यावरचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबले, की सिग्नलच्या शील्डची जोडणी तुटते, विजेची अर्थिंग मात्र शाबूत राहते. शिवाय पुढचा सिग्नल बॅलन्स्ड होऊन (दोन तारांतून एकमेकांच्या उलट असा) माईकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर केबलने जात असल्यामुळे लांबच्या अंतरातही त्यात खरखर फारशी शिरत नाही. मी तो मागितला, तेव्हा "गाडीत असेल" असे उत्तर मिळाले आणि कार्यक्रम संपेपर्यंत कोणी गाडीकडे फिरकले नाही. अखेर लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालवला. शेवटच्या गाण्याला माझे निम्मे लक्ष सुरांत आणि निम्मे पडद्यावरच्या बॅटरीच्या आकड्यात होते.

त्यानंतर मी स्वतःचा पॅसिव्ह डीआय घेतला. त्याला वेगळी वीज लागत नाही आणि आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे मिक्सरवर चुकून चालू राहिलेली 48 व्होल्टची फँटम पॉवर (काही माईकसाठी केबलमधूनच पाठवली जाणारी वीज) पेडलपर्यंत पोहोचत नाही. आता कोणत्याही मंडपात मी तो आधी टेबलावर ठेवतो आणि मगच बोलायला सुरुवात करतो, याचे मला थोडे समाधानही आहे.

अँप नसला की पाठीमागून येणारा आवाजही नसतो, म्हणून मॉनिटरमध्ये (स्टेजवर वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) गिटार मागून घ्यावी, आणि ती पहिल्या गाण्याआधीच मागावी. एकदा गर्दी बसली की मिक्सरकडे केलेले हातवारे कोणी पाहत नाही. रात्री हेडफोनवर हळू आवाजात बसवलेले टोन स्टेजवर खाली बदबदीत आणि वर टोचरे वाटतात, कारण आवाज वाढला की कानाला खालचे आणि वरचे सूर तुलनेने अधिक ऐकू येतात. मी साधारण 100 हर्ट्झच्या खालचे आणि 6,000 हर्ट्झच्या वरचे पेडलमध्येच कापून नेतो. साऊंडवाले एकच लाइन घेणार असतील, तर पेडलच्या मोनो आउटपुटमधूनच द्यावी, नाहीतर डावीउजवीकडे उडणाऱ्या डिलेचे (प्रतिध्वनीचे) निम्मे ठोके गायब होतात. अडॅप्टर मात्र कोणाचा उसना घेऊ नये: पेडलचे बहुतेक अडॅप्टर 9 व्होल्टचे आणि मधली पिन निगेटिव्ह असलेले असतात, तर दिसायला तसेच असणारे इतर अनेक अडॅप्टर नेमके याच्या उलट असतात.