तुम्ही विचारलंत म्हणून: ज्रू हॉलिडेच का?

"सर, तुमच्या त्या हॉलिडेला ह्या वर्षीपण काय मिळालं नाही ना?" एप्रिल-मेमध्ये एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, वार्षिक पुरस्कार जाहीर व्हायला लागले की हे वाक्य मला हमखास ऐकावं लागतं. विचारणारे बहुतेक माझेच जुने विद्यार्थी. मुंबईला नोकरी करतात, मे महिन्यात चाकरमानी म्हणून गावी येतात, उन्हं उतरली की शाळेच्या मैदानावर जमतात आणि मास्तरांना डिवचतात. मालवणातल्या माणसाला डिवचायला विषय लागतोच असं नाही, पण हा त्यांना आयता मिळालेला आहे.

चेष्टा बाजूला ठेवली तर प्रश्न सरळ आहे. 'डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर', म्हणजे वर्षातला सर्वोत्तम बचावपटू, हा किताब हॉलिडेला मिळायला हवा होता असं मी वर्षानुवर्षं म्हणतो. का, आणि नेमका कुठल्या वर्षी? वर्ष आधीच सांगून टाकतो: 2018. आता कारणं.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ज्रू हॉलिडे, जन्म 1990, उंची 6 फूट 4 इंच. आपल्याकडे ही उंची म्हणजे ताडमाड, पण एनबीएमध्ये साधा गार्ड, म्हणजे बॉल घेऊन वर येणारा, बास्केटपासून लांब खेळणारा गडी. 2009 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, फिलाडेल्फियाने त्याला सतराव्या क्रमांकावर घेतलं. पुढे न्यू ऑर्लीन्स, मिलवॉकी, बॉस्टन. 2021 ला मिलवॉकीकडून आणि 2024 ला बॉस्टनकडून विजेतेपद, टोकियो आणि पॅरिसला ऑलिंपिक सुवर्ण. लीगच्या 'ऑल-डिफेन्सिव्ह' संघांत, म्हणजे वर्षातल्या उत्तम बचावपटूंच्या मानाच्या यादीत, सहा वेळा नाव, त्यात तीनदा पहिल्या संघात. एवढं सगळं असलेल्या माणसाला उपेक्षित कसं म्हणायचं, असं कुणी विचारलं तर बरोबर आहे. सहकाऱ्यांनी आणि प्रशिक्षकांनी त्याला कधीच कमी लेखलेलं नाही. पण वर्षाच्या त्या एका किताबासाठी त्याचं नाव कधी गंभीरपणे चर्चेत आलं नाही, आणि माझी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे.

मालवणीत विचारणारा फार आडवळण घेत नाही. एक पोरगा मॅच बघता बघता म्हणाला होता, "सर, पण तो करता काय?" ह्या सगळ्या वादातला हा सगळ्यात चांगला प्रश्न.

तो काय करतो ते सांगतो. बॉल मध्यरेषेपलीकडे न्यायला 8 सेकंद मिळतात आणि शॉट घ्यायला एकूण 24. बहुतेक गार्ड आपला माणूस मध्यरेषेपर्यंत येईतो मागे थांबतात, दम राखून ठेवतात. हॉलिडे पुष्कळदा समोरच्याला त्याच्याच बास्केटखाली गाठतो. बॉल हिसकावण्याची घाई नसते. छाती समोर, कंबर खाली, आणि पाय असे की समोरच्याला सरळ रेषेत एक पाऊल टाकता येऊ नये. मग तो डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे करत वर येतो. मध्यरेषा ओलांडेपर्यंत सहा-सात सेकंद गेलेले असतात. प्रशिक्षकाने आखलेली चाल आता उरलेल्या वेळात उरकायची. शॉट घाईत जातो, चुकतो. आकडेवारीत कुणाचं नाव लागतं? ज्याचा शॉट चुकला त्याचं आणि ज्याने रिबाउंड, म्हणजे चुकून परतलेला बॉल, घेतला त्याचं. हॉलिडेचं नाहीच.

दुसरं काम स्क्रीनचं. समोरचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा सगळ्यात उंच गडी, येऊन भिंतीसारखा उभा राहतो आणि गार्डला त्या भिंतीवर आपटवतो. त्या अंगावरून घासून, खांदा आत घालून, आपल्या माणसाच्या पाठीमागे पुन्हा हजर व्हायचं. एका सामन्यात हे कित्येकदा. मिलवॉकीचा डिफेन्स तर त्यावरच उभा होता: ब्रूक लोपेझ हा सात फुटी सेंटर बास्केटपाशी थांबायचा आणि गार्डने स्क्रीन ओलांडून मागून धावत येऊन बॉलवाल्याला दोघांच्या मधे कोंडायचं. लोपेझने शॉट हवेतच अडवला (ब्लॉक) की टाळ्या पडायच्या. त्या पडायलाच हव्यात. पण बॉलवाल्याला लोपेझच्या हाताखाली घाईघाईने कोण आणून सोडत होतं, हे बघायला पुन्हा एकदा मागे जाऊन पाहावं लागतं.

आमच्याकडे हे समजवायला कबड्डी आहे. सिंधुदुर्गात बास्केटबॉलचं कोर्ट शोधावं लागतं, कबड्डीचं मैदान कुठल्याही वाडीत सापडतं. चढाईपटू येतो, निदान रेषा ओलांडतो, कोपऱ्यावरचा बचावपटू त्याला आत येण्याचा मोह पाडतो पण जागा देत नाही, मध्यरक्षक पाऊलभर पुढे सरकून बोनस तोडतो, आणि चढाईपटू रिकाम्या हाताने परत जातो. गुण कुणालाच नाही. फलकावर काही हललेलं नसतं. पण मैदानाभोवती बसलेली जुनी माणसं त्या रिकाम्या चढाईलाच मान डोलावतात, कारण समोरच्या संघाचा भरवशाचा गडी असा तीन-चारदा मोकळा परत गेला की सामना कुठे चाललाय हे त्यांना कळतं. पकड झाली की मात्र सगळं मैदान ओरडतं. स्पर्धेतलं 'उत्कृष्ट पकड'चं बक्षीसही पकडीलाच मिळतं. रिकाम्या चढाईला बक्षीस नाही.

एनबीएत ब्लॉक आणि स्टील (बॉल हिसकावणं) यांची अधिकृत नोंदसुद्धा 1973-74 च्या हंगामापासून सुरू झाली. त्याआधीच्या बचावाला आकडाच नाही. हा किताब सुरू झाला 1982-83 मध्ये, आणि गंमत अशी की तेव्हा तो गार्डचाच होता. पहिली दोन वर्षं सिडनी मॉनक्रीफ, मग 1986 ला आल्विन रॉबर्टसन, 1987 ला मायकल कूपर, 1988 ला मायकल जॉर्डन. पहिल्या सहा वर्षांत एकच सेंटर, 1985 चा मार्क ईटन. त्यानंतर चित्र पार फिरलं. 1989 पासून 2025 पर्यंत फक्त दोन गार्ड: 1996 ला गॅरी पेटन आणि 2022 ला मार्कस स्मार्ट. मधे पंचवीस वर्षं कोरडी.

ह्याला कारण आहे आणि ते खोटं नाही. बास्केटजवळ उभा असलेला सात फुटी माणूस पाचही खेळाडूंचे शॉट बिघडवू शकतो. गार्ड फार तर एकाला किंवा दोघांना बांधून ठेवतो. सेंटर रूडी गोबेरला चारदा हा किताब मिळाला, त्याला कुणी खिरापत म्हटलं तर मी भांडेन. उंच माणसाचा बचाव संघभर पसरतो, हे मला मान्य आहे. हॉलिडेच्या विरोधात सगळ्यात भक्कम पुरावाही मीच देतो: 2021-22 मध्ये पाठीच्या दुखण्यामुळे लोपेझ हंगामभरात 13 सामनेच खेळला आणि हॉलिडे असूनही मिलवॉकीचा बचाव सैल पडला. म्हणून मी 2022 मागत नाही. ते स्मार्टला मिळालं, बॉस्टनचा डिफेन्स त्या वर्षी खरोखर पोलादी होता आणि स्मार्ट त्याचा सूत्रधार होता. (तरी एक राहवत नाही म्हणून: किताब जाहीर झाल्यावर महिनाही उलटला नव्हता, प्लेऑफमधल्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांतल्या) मिलवॉकी-बॉस्टन मालिकेच्या बॉस्टनमधल्या पाचव्या सामन्यात शेवटच्या सेकंदांत हॉलिडेने त्याच स्मार्टचा शॉट अडवला, बॉल त्याच्याच अंगावर टाकून बाहेर घालवला आणि पुढच्या खेपेला त्याच्या हातातून बॉल काढून घेतला. मिलवॉकी 110-107. मालिका मात्र बॉस्टननेच जिंकली.)

तर 2018. हॉलिडे तेव्हा न्यू ऑर्लीन्सकडे. जानेवारीत डीमार्कस कझिन्सची टाचेमागची शीर (अकिलीस) तुटली, म्हणजे संघातल्या दोन उंच माणसांपैकी एक गेला. तरी संघ 48 सामने जिंकून प्लेऑफला पोचला. हॉलिडे 81 सामने खेळला आणि रोज समोरच्या संघाचा सगळ्यात धोकादायक गार्ड त्याच्या वाट्याला यायचा. आक्रमणातही सामन्याला 19 गुण. पुरस्कार बचावाचा आहे, पण ज्याला अख्खा सामना दोन्ही टोकांना पळायचं असतं त्याच्या पायांचा हिशेब कधीतरी धरायला हवा.

किताब गोबेरला मिळाला. गोबेर त्या वर्षी गुडघ्यामुळे 26 सामने बसून होता, खेळला 56. परतल्यावर त्याच्या युटा संघाने सलग 11 सामने जिंकले, आणि मतदारांच्या डोळ्यांसमोर तेच होतं. मी समजू शकतो. पण 2023-24 पासून लीगने नियम केला की असे पुरस्कार हवे असतील तर किमान 65 सामने खेळलेले असावेत. आजचा नियम तेव्हा असता तर गोबेर यादीतच नसता. मग कोण? मतदानात दुसरा आलेला फिलाडेल्फियाचा सेंटर जोएल एम्बीड 63 सामने खेळला, म्हणजे तोही बाहेर. मतदानात तिसरा होता अँथनी डेव्हिस, लीगमध्ये सर्वाधिक ब्लॉक करणारा, हॉलिडेचाच सहकारी. म्हणजे माझ्या मते चुरस एकाच संघातल्या दोघांत. त्या वर्षीच्या ऑल-डिफेन्सिव्ह पहिल्या संघातही दोघे होते. म्हणजे मत देणाऱ्या पत्रकारांना हॉलिडे दिसत होता, पण एक नंबरचं मत द्यायची वेळ आली की नजर आपोआप उंच माणसाकडे जाते. मत देताना तीन नावं लिहायची असतात, पाच, तीन आणि एक गुणांची. न्यू ऑर्लीन्सच्या बचावाचं श्रेय कुणाला द्यायचं असं ठरवताना बहुतेकांनी ब्लॉक मोजले. डेव्हिस थोर आहे. पण त्या संघाच्या बचावाची सुरुवात बास्केटपासून चाळीस-पन्नास फुटांवर व्हायची आणि तिथे डेव्हिस नसायचा.

मतदान नियमित हंगाम संपताच होतं. प्लेऑफ धरत नाहीत. दुर्दैव असं की हॉलिडेच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा त्यानंतर आठवड्याभरात आला. पहिल्या फेरीत समोर पोर्टलंड, तिसरं मानांकन, आणि त्यांचा डेमियन लिलार्ड: हंगामात सामन्याला 26.9 गुण, त्या वर्षी लीगच्या पहिल्या पाचांत निवडलेला. हॉलिडेने त्याला पूर्ण मालिका गळ्यात गळा घातल्यासारखं बांधून ठेवलं. लिलार्ड सरासरी 18.5 गुणांवर आला, शॉट जेमतेम पस्तीस टक्के आत गेले. पोर्टलंड 0-4 ने घरी. चौथ्या सामन्यात हॉलिडेने स्वतः 41 गुण केले. हे सगळं मतं पेटीत पडल्यावर. मला विचाराल तर चार सामन्यांत त्याने नवीन असं काहीच केलं नाही. वर्षभर जे चाललं होतं ते ह्या वेळी सगळ्यांनी एकाच माणसावर, लागोपाठ चार वेळा बघितलं, इतकंच.

2021 च्या फायनलबद्दल कमी बोलतो, कारण तो क्षण सगळ्यांना पाठ आहे. पाचवा सामना, मिलवॉकी एका गुणाने पुढे, समोरच्या फिनिक्सचा 40 गुण केलेला डेव्हिन बुकर आत घुसतो, हॉलिडे त्याच्या हातातूनच बॉल उपटतो आणि पुढच्या क्षणी मिलवॉकीचा मुख्य गडी यानिस अँटेटोकुम्पोला हवेत पास. आपल्याकडे तेव्हा 18 जुलैची रविवार सकाळ होती. त्याच आठवड्यात चिपळुणात वाशिष्ठीचा पूर शिरला आणि कोकणात कुणाला बास्केटबॉलचं भान राहिलं नाही. पण लक्षात ठेवण्यासारखा मला आदला सामना वाटतो. चौथ्या सामन्यात हॉलिडेचे 20 पैकी 4 शॉट आत गेले. एवढी खराब नेमबाजी करून एखादा गार्ड फायनलमध्ये कोर्टवर कसा काय राहतो? कारण त्याच्यासमोर फिनिक्सचा गार्ड ख्रिस पॉल 10 गुणांवर अडकला होता आणि त्याने पाच वेळा बॉल घालवला होता. सामना मिलवॉकीने जिंकला.

2023 मध्ये मिलवॉकीने हॉलिडेला देऊन कुणाला आणलं? त्याच लिलार्डला. बास्केट करणारा घेतला आणि त्याला अडवणारा दिला. पोर्टलंडने हॉलिडेला लगेच बॉस्टनकडे पाठवलं, बॉस्टनने पुढच्याच जूनमध्ये विजेतेपद घेतलं. मिलवॉकी 2024 आणि 2025 दोन्ही वर्षं पहिल्या फेरीत बाद झाली. त्यात यानिस आणि लिलार्डच्या दुखापतींचा वाटा होता, सगळं एका अदलाबदलीवर ढकलणार नाही. पण घेणाऱ्या-देणाऱ्यांनी कुठल्या कामाचा भाव काय लावला ते त्या व्यवहारात उघडं पडलं. 2025 च्या जुलैत तर दोघेही पोर्टलंडमध्ये एकाच संघात आले.

किताब आता त्याला मिळणार नाही, वय निघून गेलं. ज्या पोरांना अजून पटत नाही त्यांनी 2018 च्या त्या मालिकेचा पहिला सामना शोधून बघावा, न्यू ऑर्लीन्स 97-95. शेवटच्या सेकंदांत हॉलिडेने केलेला ब्लॉक सगळे दाखवतील, तो सोडून द्या. सुरुवातीपासून बघा, आणि बॉलकडे न बघता लिलार्ड बॉल दुसऱ्याला देऊन टाकतो त्या प्रत्येक वेळी थांबवून हॉलिडे कुठे उभा आहे ते बघा. मग मे महिन्यात या, भांडू.