पाणी कुठे गेलं? उपसागरावरच्या चार रात्री आणि दोन हॉटेलं

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आईने बाल्कनीचं दार सरकवलं आणि तिथूनच हाक मारली, "अगं, पाणी कुठे गेलं?"

मी डोळे चोळत बाहेर आले. आदल्या रात्री आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. पौर्णिमा होती, समुद्र कठड्याच्या अगदी खाली होता, लाटा भिंतीवर चुबकचुबक आपटत होत्या. तोच समुद्र आता लांबवर एक चंदेरी रेघ होऊन पडला होता. मधे राखाडी चिखल, त्यात कलंडलेल्या तीन होड्या, दगडांवर शेवाळ, आणि सडक्या अंड्यासारखा वास. हवा न लागलेल्या चिखलातला पालापाचोळा कुजला की असाच वास येतो. त्याने काही अपाय होतो असं नाही, पण तो घेत चहा पिणं अवघड जातं.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची तिची ही पहिलीच सहल. तिचं मागणं एवढंच होतं, "मला पाण्याजवळ नुसतं बसू दे. कुठे हिंडवू नकोस." ते डोक्यात ठेवून मी दीड महिना हॉटेलं शोधत होते. ज्याची निवड केली त्याच्या प्रत्येक फोटोत पाणी काठोकाठ होतं. फोटो खोटे नव्हते, फक्त सगळे भरतीचे होते. गावाचं आणि हॉटेलांची नावं मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते त्या एका गावापुरतं नाही. पाण्याकाठची खोली शोधणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट भरतीची. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. एवढं मला शाळेपासून माहीत होतं. त्याचा खोलीच्या बुकिंगशी संबंध आहे हे मात्र त्या बाल्कनीत उभं राहिल्यावर कळलं. आमच्याकडे सकाळी सातला ओहोटी, दुपारी एकच्या सुमारास भरती आणि संध्याकाळी साडेसातला पुन्हा ओहोटी. आई बसणार सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे बरोबर चिखलाच्या वेळेला. पाणी कठड्याला लागायचं ते भर दुपारी, बाल्कनीत पाय भाजत असताना.

आता हिशेब करून बघा. रोज ५० मिनिटं, तर सात दिवसांत जवळजवळ सहा तास. आम्ही आठवडाभर नंतर गेलो असतो तर त्याच बाल्कनीत सकाळ-संध्याकाळ भरती मिळाली असती. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, त्या दिवसांत पाणी फार चढत नाही आणि फार मागेही जात नाही. अमावस्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, तेव्हा ते दोन्हीकडे टोक गाठतं. मी चांदण्याच्या मोहाने पौर्णिमा धरली आणि पाणी सर्वांत लांब जाणारे दिवस नेमके उचलले.

पण हे गणित जसंच्या तसं दुसरीकडे लावू नका. एका ठिकाणी उधाणाची भरती दिवसाच्या ठरावीक सुमारासच येते, मात्र तो सुमार गावागणिक वेगळा. कुठे पौर्णिमेची भरती दुपारी बाराला, तर कुठे संध्याकाळी सहाला. तिथे मग पौर्णिमाच उत्तम. जवळच्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं. आधी ते उघडा, आपल्या बसण्याच्या वेळा ठरवा आणि मग तारीख धरा. भूमध्य समुद्राकाठी जाणार असाल तर एवढी चिंता नको, तिथे बहुतेक ठिकाणी पाणी अर्धा मीटरही चढत-उतरत नाही. उलट कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात हाच फरक १६ मीटरपर्यंत जातो. निमुळत्या उपसागरात शिरणारं पाणी आत आत कोंडून चढत जातं, त्यामुळे उघड्या किनाऱ्याचा अंदाज उपसागराला लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट उताराची. किनारा दर ५० मीटरला १ मीटर उतरत असेल आणि भरती-ओहोटीत ३ मीटरचा फरक असेल, तर पाणी दीडशे मीटर मागे जातं. तोच किनारा खडकाळ आणि सरळ उतरणारा असेल तर पाणी फक्त खाली जातं, लांब जात नाही. माझी चूक इथे झाली. घरबसल्या हे पाहायला गूगल अर्थवर जुनी उपग्रह-चित्रं उघडता येतात. तीच जागा वेगवेगळ्या तारखांना बघा, एखादं चित्र ओहोटीचं निघतंच. त्यात हॉटेलपुढे राखाडी पट्टा किती रुंद आहे ते स्पष्ट दिसतं.

त्या दिवशी संध्याकाळी सहाला मी आणि माझी मुलगी किनाऱ्याने चालत निघालो. दुसरं हॉटेल शोधायचं तर ओहोटीतच शोधू, म्हणजे फसायला नको. उपसागर अर्धचंद्रासारखा होता, आमचं हॉटेल त्याच्या मधल्या पोटात. चालत चालत टोकाकडे गेलो तसा चिखल संपला, खडक लागले आणि भूशिराच्या पायथ्याशी दगडी धक्क्यावर बांधलेली एक दुमजली इमारत दिसली. तिच्याखाली पाणी होतं! पार खाली उतरलेलं, पण स्वच्छ, हिरवं आणि हलतं. धक्क्यावरून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. वरच्या कोरड्या, खालच्या हिरव्यागार.

आत काउंटरवर एक वयस्कर बाई होत्या. मी खोली मागितली तर म्हणाल्या, "आधी वर जाऊन बघून या, ताई. दार उघडा, पाच मिनिटं बसा, मग बोलू." असं म्हणणाऱ्या हॉटेलात राहावं, असं माझं मत तिथेच झालं. अकरा खोल्या होत्या, रिकाम्या फक्त दोन. पहिली समोरासमोर समुद्राकडे तोंड केलेली, दुसरी कोपऱ्यातली, जिची बाल्कनी जरा तिरकी होती. त्यांनी स्वतःच तिरकी सुचवली. कारण दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. उन्हाने जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो. दुपारी तो ऐन भरात असतो. समोरच्या खोलीची दारं धाडधाड आपटत होती, बाल्कनीतली खुर्ची भिंतीला जाऊन चिकटली होती. आमच्या कोपऱ्यात आई खांद्यावर शाल घेऊन निवांत बसली होती. रात्री वाऱ्याची दिशा उलटते, पहाटे तो जमिनीवरून पाण्याकडे हलकासा वाहतो. म्हणून उपसागराचं पाणी सकाळीच आरशासारखं दिसतं. होडीतून फिरायचं असेल तर तीच वेळ धरा.

पहिल्या हॉटेलने उरलेल्या दोन रात्रींचे पैसे परत दिले नाहीत. बुकिंगमध्ये तशी अट होती, मी ती वाचूनही स्वस्त पडतंय म्हणून घेतली होती. अनोळखी किनाऱ्यावर असं करू नका. थोडे जास्त द्या पण रद्द करता येणारं बुकिंग घ्या, किंवा आधी एकच रात्र घ्या आणि आवडलं तर वाढवा.

नव्या जागेत सगळंच गोड होतं असं नाही. भूशिराच्या कुशीत असल्यामुळे सूर्य डोंगरामागे लवकर जायचा, खरा सूर्यास्त तिथून दिसलाच नाही. तो हवा असेल तर उपसागराचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि खोलीच्या पश्चिमेला काय उभं आहे ते नकाशावर बघा. पश्चिमेला मोकळं पाणी दिसलं तरी ऋतू लक्षात घ्या. विषुववृत्तापासून कर्कवृत्तापर्यंतच्या पट्ट्यात सूर्य मावळायची जागा वर्षभरात नेमक्या पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना २३ ते २६ अंश सरकते, त्याहून उत्तरेकडे आणखी जास्त. डिसेंबरात समुद्रात बुडणारा सूर्य जूनमध्ये टेकडीमागे गेलेला असतो. एका संध्याकाळी मुलीला घेऊन मी उपसागराच्या मधोमध गेले आणि तिथून सूर्यास्त पाहून परत आले. आईला त्याचं काही वाटलं नाही, तिला पाणी पुरे होतं.

दुसरी उणीव आवाजाची. शंभर पावलांवर मच्छीमारांचा धक्का होता, पहाटे पाचला इंजिनं सुरू व्हायची. आणि रात्री पलीकडच्या किनाऱ्यावरचं गाणं शब्दन् शब्द ऐकू यायचं. पाण्यालगतची हवा गार आणि वरची गरम असली की आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि लांबवर पोचतो. तेव्हा आपल्या हॉटेलशेजारी काय आहे एवढंच विचारू नका, समोरच्या काठावर काय आहे तेही विचारा. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी धक्क्याच्या उलट बाजूची खोली मागावी.

फोनवर बोलताना "सी-व्ह्यू आहे का" हा प्रश्न निरुपयोगी आहे, उत्तर नेहमी "हो" येतं. मी आता विचारते ते असं. खोलीच्या पलंगावरून पाणी दिसतं की बाल्कनीत जाऊन मान वळवावी लागते? खोली आणि पाणी यांच्या मधे रस्ता, पार्किंग किंवा पायवाट आहे का? ओहोटीला पाणी कुठवर जातं? आणि शेवटी, त्याच खोलीतून आत्ता काढलेला एक छोटा व्हिडिओ पाठवाल का? जो पाठवतो त्याच्याकडे झाकण्यासारखं सहसा काही नसतं. तळमजला जवळचा वाटतो, पण येणारे-जाणारे आत डोकावतात आणि पडदे दिवसभर बंद ठेवावे लागतात. मला पहिला मजला सर्वांत सोयीचा वाटतो, पाणी जवळ आणि आडोसाही राहतो. गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर लिफ्ट आहे का हे विचारून थांबू नका, रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत तेही विचारा. पाण्याकाठच्या जागा उतारावर असतात.

फोटो बघताना माझी नजर आता कठड्याच्या स्क्रूंवर जाते. खारी हवा लोखंड सोडत नाही. पहिल्या हॉटेलात स्क्रूंभोवती तांबडे ओघळ होते, सरकतं दार अर्ध्यावर अडकत होतं आणि एसीचं बाहेरचं यंत्र गंजून रात्रभर खडखडत होतं. दुसऱ्या हॉटेलची इमारत त्याहून जुनी असावी, पण बिजागऱ्यांना तेल होतं आणि कठडा नुकताच रंगवलेला. पाहुण्यांनी टाकलेले ताजे फोटो मोठे करून बघा, हे त्यात दिसतं.

पोहण्याबद्दल थोडं कळकळीने सांगते. धक्क्याच्या पायऱ्यांवरून मुलांना पाण्यात उतरवू नका. हिरवा भाग म्हणजे रोज भरतीत बुडणारा भाग, तिथे पाय ठरत नाही. मुलगी पोहली ती मधल्या वाळूवर, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे, जिथे जीवरक्षक होते. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधे पाण्याची शांत पट्टी दिसते, ती जागा पोहायला सोपी समजू नका. तिथून पाणी परत आत ओढलं जात असतं. सापडलातच तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या. आणि ओहोटीत लांबवर चालत गेलात तर पाणी वळायच्या आत परता. चढतं पाणी पहिल्या तासात जेमतेम हलतं, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मी भरती येते.

शेवटच्या रात्री चंद्र नऊनंतर उगवणार होता, म्हणून जेवण लवकर उरकून धक्क्यावरचे दिवे मालवायची विनंती केली. बाईंनी लगेच मालवले. पायरीवर लाट आपटली की निळसर ठिणग्या उठत होत्या, डोळ्यांची पापणी लवेपर्यंत राहून विझत होत्या. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले गेले की असे चमकतात. आई बराच वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "बाबांना दाखवायला हवं होतं."

सकाळी मुलीने आणि आजीने पायऱ्यांना नंबर दिले होते. पाणी उतरत होतं तशी एकेक पायरी उघडी पडत होती आणि दोघी मोजत होत्या. गाडी आली तेव्हा चौदावी निम्मी ओली होती. आई काठी टेकत उठली, काउंटरवर थांबली आणि बाईंना म्हणाली, "पुढच्या खेपेला हीच कोपऱ्यातली खोली द्या. पण अष्टमी बघून येऊ." बाईंनी वहीत लिहून घेतलं.