पहाटेचा मेसेज आणि उणे दोन

निफाडची थंडी पेपरात येते ती द्राक्षांमुळे. पारा उतरला की बागांमध्ये शेकोट्या पेटतात, शेतकरी रात्र रात्र जागतात. मी त्याच तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी आहे. लसींचा आयएलआर, म्हणजे आमचा तो वरून उघडणारा लसीचा फ्रिज, माझ्या ताब्यात. त्यात बारा महिने २ ते ८ अंश राहिले पाहिजेत, एवढंच माझं काम. म्हणायला एवढंच.

जानेवारीत एके दिवशी पहाटे ई-विनचा, म्हणजे लसींच्या साठ्यावर नि तापमानावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेचा मेसेज आला. आयएलआरमध्ये लॉगर, म्हणजे तापमान नोंदवणारं यंत्र असतं, तापमान हद्दीबाहेर गेलं की ते थेट आपल्या मोबाईलवर कळवतं. असे मेसेज मला उन्हाळ्यात येतात, वीज गेल्यावर. या मेसेजात मात्र आकडा होता उणे दोन. ड्यूटीवरच्या सिस्टरना फोन केला, म्हटलं थर्मोस्टॅट बघा. बटण शेवटच्या आकड्यावर होतं. त्यांनी ते लगेच मागे आणलं.

मी पोचलो तेव्हा थर्मामीटर शून्याच्या वर आला होता. एकाही व्हायलमध्ये, म्हणजे लसीच्या बाटलीत, बर्फ दिसत नव्हता, आणि पंचाईत तिथंच होती. बर्फ दिसला असता तर व्हायल सरळ बाद, वाद मिटला असता. सिस्टरनी पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीची व्हायल माझ्यासमोर धरली आणि तिच्यावरचा व्हीव्हीएम, म्हणजे ऊब लागली की गडद होत जाणारी खूण, दाखवली. "भाऊ, व्हीव्हीएम बघा ना, चौकोन पांढराशुभ्र आहे. गावात बायका लेकरं घेऊन बसतील."

चौकोन पांढरा होता हे खरंच. पण व्हीव्हीएमला फक्त ऊब कळते, लस गोठली तर तो काहीच सांगत नाही. आपल्याकडे सगळी धास्ती उन्हाची, प्रशिक्षणातही निम्मा वेळ त्यातच जातो. पेंटाव्हॅलंट, डीपीटी, टीडी (धनुर्वात-घटसर्प), हिपॅटायटीस बी या लसी अॅल्युमिनियमच्या क्षारावर बसवलेल्या असतात. एकदा गोठल्या की त्या क्षाराचे कण एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा सुटत नाहीत. मग टोचून बाळाच्या मांडीला गाठ येईल, संरक्षण मिळेलच असं नाही. बाहेरून पाहून कुणाला काही कळणार नाही.

आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी वेळ घालवला नाही. बीसीजी, एमआर (गोवर-रुबेला) आणि पोलिओचे थेंब यांना गोठण्याचं भय नाही, ते वापरायचे. बाकीच्या लसी शेजारच्या केंद्रातून आणायच्या. व्हॅक्सिन कॅरिअर भरताना मी प्रत्येक आइसपॅक कानाशी हलवून पाहिला. आत पाणी डुचमळल्याशिवाय तो लसीजवळ ठेवायचा नसतो, नाहीतर तिकडून आणलेली चांगली लस वाटेत गोठायची. गावातली लसीकरणाची सत्रं तासभर उशिरा सुरू झाली. एका सरपंचांचा फोन येऊन गेला, तो मॅडमनीच घेतला.

लस गोठून गेली होती का हे हलवून ओळखायच्या चाचणीला, शेक टेस्टला, घाई चालत नाही. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक व्हायल मुद्दाम डीप फ्रीझरमध्ये रात्रभर गोठवली. सकाळी ती वितळू दिली. मग ती आणि संशयित व्हायल एकाच मुठीत धरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवल्या आणि उजेडाकडे तोंड करून टेबलावर ठेवल्या. फ्रिजच्या तळाजवळच्या व्हायलमधली लस गोठवलेलीच्याच वेगानं खाली बसली. वर स्वच्छ पाणी, खाली पांढरा गाळ. वरच्या बास्केटमधली मात्र अर्ध्या तासानंतरही दुधाळच होती. सिस्टर काही बोलल्या नाहीत, त्यांनीच दुसऱ्या लसीची जोडी हातात घेतली. प्रत्येक लसीची, प्रत्येक बॅचची वेगळी चाचणी, दुपारपर्यंत तेच चाललं. आयपीव्हीत, म्हणजे पोलिओच्या इंजेक्शनच्या लसीत, अॅल्युमिनियम नसतं, तिला ही चाचणी लागू नाही. ती सरळ बाद केली.

बटण कुणी फिरवलं हे शोधावं लागलं नाही. शिपाई मामा स्वतःच पुढे आले. आदल्या दिवशी दुपारभर लाईट नव्हती. आल्यावर त्यांनी लस लवकर गार व्हावी म्हणून बटण पूर्ण फिरवलं होतं. चेहरा पडला होता बिचाऱ्यांचा. त्यांची स्वतःची दीड एकर बाग आहे. म्हटलं, "मामा, थंडीनं मणी तडकतो ना, तसंच हे." ते लगेच समजले. मला आठवड्याचा अहवाल आणि बाद साठ्याचे खुलासे लिहायचे होते, मॅडमना तालुक्याला उत्तर द्यायचं होतं, तरी मामांवर ओरडायला कुणाचं मन झालं नाही. फ्रिजवर साधी सूचनासुद्धा लावलेली नव्हती.

"मग लाईट गेल्यावर आम्ही करायचं काय?" मामांनी विचारलं.

"झाकण उघडायचं नाही, आणि मला फोन करायचा. दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी हा फ्रिज लस सांभाळतो."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी दवाखान्यातली चिकटपट्टी आणली आणि बटणावर आडवी-उभी चिकटवून टाकली.